राखून ठेवलेलं धाट

"ओ मॅडम! आमच्या ज्वारीचं पान कुणाला इचारून तोडायलाव?"

ईश्वरी दचकली. राणीसावरगावच्या त्या कोरड्या रानात बांधावर हरिओम उभा होता, कपाळावर आठ्या... आणि ओठांवर हसू.

"कृषी विद्यापीठातून आलेय, परभणीहून. पाण्यावाचून हिरवं राहिलेलं हे एकच धाट आहे, म्हणून—"

"एका पानात काय होतंय? आमची म्हैस बघणार बी न्हाई त्याच्याकडं."

त्यानंतर हरिओम अधूनमधून हुरडा घेऊन थेट प्रयोगशाळेत येऊ लागला. निमित्त एकच, 'आमचं पान काय म्हणतंय?'

एका दुपारी ईश्वरीनं त्याला शेजारी बसवून समजावलं, "डीएनए म्हणजे चार अक्षरांचा लांबलचक दोरा. या यंत्रातल्या अतिसूक्ष्म छिद्रातून तो ओवला, की छिद्रातला विजेचा प्रवाह थरथरतो. अक्षरागणिक थरथर वेगळी. आणि झाडानं एखाद्या अक्षराला रासायनिक टिकली लावली असली, तर आणखी वेगळी! तहान सोसताना झाडानं कुठं कुठं टिकल्या लावल्या, ते मी शोधतेय."

"टिकली बघून थरथरतंय व्हय?" हरिओमची नजर तिच्या कपाळावर थांबली. "मंग यंत्राचं काय चुकलं..."

ईश्वरीचे कान तापले. त्या गडबडीत तिनं सगळा नमुना भलत्याच यंत्रात घातला, प्रती काढायच्या! प्रतीत अक्षरं हुबेहूब उतरतात. टिकली मात्र एकही उतरत नाही. पान संपलं, हंगामाचं काम गेलं.

चूक ध्यानात येताच तिनं फोन लावला. "हरिओम, ते धाट..."

"ज्वारी तर काढली की, मॅडम."

"संपलं सगळं! पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा अशी चूक करत नाहीत!"

"मंग तुमी कशी केली?"

"तुम्ही शेजारी बसला होतात ना!"

बोलून गेली... आणि तिनं जीभ चावली.

"हॅलो?" ती पुटपुटली.

"सगळं रान काढलं," हरिओम हळूच म्हणाला, "पर ते धाट ठेवलंय. पाणी बी न्हाई घातलं, तुमी नको म्हणल्यावर. आई सारखी इचारायलीय, एवढं एक कुणासाठी राखायलास म्हणून."

"मग... काय सांगितलंत?"

"सून येईल न्यायला, म्हणलं."

ईश्वरीला हसू फुटलं, डोळेही भरले.

"मॅडम? ऐकायलाव न्हवं?"

"आधी ते मॅडम म्हणणं बंद करा," ती म्हणाली आणि राणीसावरगावच्या वाटेवरची गंगाखेडची गाडी गाठायला धावत सुटली.