उंबऱ्याबाहेरची घोंगडी

"आई, ती घोंगडी आत आणू नकोस!"

दिपालीच्या तोंडून शब्द निघाले आणि दारात उभ्या असलेल्या सुगंधाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. धाकट्या रामला नुकतीच इस्पितळातून सुट्टी मिळाली होती. त्याच्या रक्ताच्या कर्करोगावर दिपालीनं आपल्याच मूळपेशी दिल्या होत्या, आणि तपासणीला जाणं सोपं पडावं म्हणून तो बहिणीच्या गारखेड्यातल्या फ्लॅटवर राहायला आला होता. लेकाचं करायला माय खुलताबादच्या डोंगरावरून आली, ती गेलेल्या नवऱ्याची, मल्हारीची घोंगडी काखेत मारून!

"व्हय गं बाई, मेंढराचा वास येतो आता तुला! जिच्यात वाढलीस तिचीच लाज वाटाया लागली. रक्त दिलंस भावाला, अन् माया कुठं ठेवलीस?"

दिपालीनं आईची पिशवी तेवढी उचलून आत नेली. सुगंधाबाईंनी घोंगडी शेजारच्या रूपाकडं ठेवली आणि त्या दिवसापासून लेकीशी बोलणंच टाकलं.

काय सांगणार होती बिचारी? मूळपेशींच्या प्रत्यारोपणावर संशोधन करण्यात तिनं उमेदीची सारी वर्षं घातली, लग्नाचा विषय निघाला की हसून टाळला, आणि तीच सख्ख्या भावाच्या बाबतीत चुकली होती! केमोच्या पहिल्या फेरीनंतर राम गावी गेला, तेव्हा तिनं फोनवरून आईला सगळं बजावलं होतं. गर्दी नको, कच्चं नको, धूळ नको. पण धूळ म्हटल्यावर तिला रस्ता आठवला, रान आठवलं. घोंगडी आठवली नाही. घोंगडी म्हणजे तिच्या लेखी बाबांची ऊब होती! त्या थंडीत आईनं तीच मातीनं भरलेली घोंगडी लेकाला पांघरली आणि रामच्या फुप्फुसात बुरशी शिरली. तापानं फणफणलेलं पोर मरणाच्या दारातून परत आलं. बुरशी घोंगडीतूनच आली हे शपथेवर कुणीच सांगू शकलं नसतं, पण दिपालीच्या मनाला दुसरं काही पटत नव्हतं. आता 'लोकर नको' एवढं जरी म्हटलं, तरी आई मागचा धागा बरोबर पकडणार आणि उरलेला जन्म स्वतःला दोष देत झुरणार! त्यापेक्षा लेकीला लाज वाटते असं तिनं समजावं, हेच बरं. रामलाही तिनं गप्प राहायची शपथ घातली.

आतल्या खोलीत मायलेकरांच्या गप्पा रंगत, आणि दिपालीची चाहूल लागली की थांबत. गरम भाकरी रामपुरती. तिचं ताट ओट्यावर झाकलेलं असे. प्रयोगशाळेत जिच्या शब्दाला मान होता, ती स्वतःच्याच घरात परक्यासारखी गार भाकरी चिवडत बसे... आणि कान मात्र भावाच्या खोकल्याकडं लागलेले असत.

एकदा तपासणीला रामबरोबर सुगंधाबाई गेल्या. तिथं वॉर्डातल्या आपल्या नातवाला भेटायला आलेल्या कडुबा नावाच्या म्हाताऱ्याला नर्सनं दारातच अडवलं.

"बाबा, घोंगडी आत चालणार नाही. लोकरीत धूळ असते, बुरशी असते, ती अशा पेशंटच्या छातीत जाते. घरीसुद्धा पांघरू नका."

सुगंधाबाई बाकावर बसल्या त्या बसल्याच.

संध्याकाळी दिपाली घरी आली, तर आई फ्लॅटचं दार लावून बाहेर जिन्यात बसलेली. मांडीवर रूपाकडून आणलेली घोंगडी.

"दिपे, खरं सांग. रामचं ते थंडीतलं दुखणं माझ्याच हातानं झालं व्हय गं?"

"नाही गं माय. तो ताप केमोचा होता."

सुगंधाबाईंनी तिची हनुवटी वर केली.

"कोकरू हरवलं की तवाबी तू अशीच खाली बघून खोटं बोलायचीस. माझं एवढं वंगाळ बोलणं गिळलंस... कशापायी गं?"

"चूक माझी होती, माय! मीच सांगायला विसरले..." आणि इतके महिने आवरून धरलेला हुंदका फुटलाच.

"गप. लई शिकलीस, पर अजून खुळीच हायेस." सुगंधाबाईंनी घोंगडी उलगडली आणि लेकीच्या खांद्यांवर घट्ट लपेटली. "तुला तर चालती ना ही? मग बस जरा. रूपाकडं दोघी अंघोळ करू अन् मगच आत जाऊ."

दारामागून रामची हाक आली, "माय, भूक लागली!"

"थांब रं जरा," सुगंधाबाई म्हणाल्या, "आज पहिली भाकर दिपीची."

दिपालीनं घोंगडीत तोंड खुपसलं आणि मनसोक्त रडून घेतलं.