पेडलवरचा पाय

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

एप्रिलमधला रविवार, भर दुपार, आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे. जे घडलं ते असंच घडलं. पदरचं काही घातलेलं नाही.

घाटकोपरच्या पंतनगरात संघमित्रा आईसोबत राहते. वडील, म्हणजे नाना, फेब्रुवारीत गेले. छातीत दुखायला लागलं तेव्हा तिनेच गाडी काढली होती. मुलुंडच्या हॉस्पिटलपर्यंत ती पेडल दाबत राहिली, आणि गाडी दर वेळी क्षणभर विचार करून मगच पळत राहिली.

दारात पोचेपर्यंत नाना गेले होते.

बौद्ध घर. पिंड नाही, कावळा नाही. नाना स्वतःच म्हणायचे, "मेलेला माणूस कुठे जात नाही अन् कुठून येतही नाही." पुण्यानुमोदन झालं, वंदना झाली, माणसं आपापल्या घरी गेली.

महिनाभरात आईचा रिपोर्ट आला. हृदयाची एक रक्तवाहिनी निम्म्याहून जास्त बंद.

"ही गाडी विकून टाक ना," चुलतभाऊ सम्यक म्हणाला.

"आई नाही म्हणते. नानांची आहे ना."

"मग थ्रॉटल कंट्रोलर बसव. छोटीशी पेटी असते गं, पेडल आणि इंजिनाच्या मध्ये. पाय टेकला की गाडी सुटली! पॉवर वाढत नाही, पण हा उशीर आहे ना, तो जातो. झकास काम."

उशीर जातो. तिने बाकीचं ऐकलंच नाही.

कांदिवलीच्या एका दुकानात सिद्धेश नावाच्या फिटरने पेटी बसवली.

"ताई, आता पेटीला तुमचं पेडल शिकवायचं. पूर्ण दाबा... आता सोडा."

तिने दाबलं. सोडलं.

"पूर्ण सोडा ना."

"सोडलंय."

पेटीवरचा आकडा शून्यावर यायला हवा होता. तो बारावर थांबला होता.

"पाय ठेवलाय तुम्ही."

संघमित्रा गाडीतून उतरली. दार उघडं ठेवून बाहेर उभी राहिली.

आकडा... बाराच.

मग तेरा.

मग परत बारा.

टेकवून ठेवलेला पाय जरासा हलावा, तसा.

सिद्धेशने वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. फरक नाही. "सेन्सर जुना झालाय. जाऊ द्या, हेच शून्य आहे असं सांगतो पेटीला. चालून जाईल."

आणि चालूनही गेलं. परत येताना गाडी बाणासारखी आली. कित्येक दिवसांनी संघमित्रा रात्रभर झोपली.

मग तो रविवार आला.

जेवण झालं होतं. आई ओट्याला धरून उभी होती. "मित्रा, जरा... घाम येतोय गं."

तिने आईला मागच्या सीटवर आडवं केलं. पेटी सगळ्यात जोराच्या मोडवर टाकली. हायवे रिकामा होता. विक्रोळीपर्यंत नुसता सरळ रस्ता.

तिने पेडल दाबलं.

काटा चाळीसवर गेला... आणि तिथेच राहिला.

नाना चाळीसच्या वर कधी गेले नाहीत. आई चिडवायची, "यापेक्षा बैलगाडी बरी. निदान बैल तरी बघत बसता येतं."

तिने पेडल पार खाली दाबलं. चाळीस. शेजारून एक रिक्षा हॉर्न वाजवत पुढे गेली.

घाबरून तिने पाय काढूनच घेतला.

गाडी हळू झाली नाही.

पेटीवरचा आकडा हलत होता. वर... खाली... परत वर. पुढे खड्डा आला. आकडा उतरला. गाडीने सांभाळून खड्डा पार केला. आकडा पुन्हा चढला.

तिचे दोन्ही पाय सीटखाली दुमडलेले होते.

"नाना, नका ना असं करू! आई आहे मागे!"

मागून आईचा आवाज आला. अगदी शांत.

"ओरडू नकोस गं. त्यांना सांगून कधी उपयोग झालाय का?"

कांजूर. भांडूप. मुलुंड. त्याच चालीने.

आई वाचली. स्टेंट बसवला. डॉक्टर मात्र संघमित्रावर चिडले. "घाटकोपरहून यायला एवढा वेळ? रविवारी? पुढच्या वेळी रमतगमत याल तर मी काही करू शकणार नाही."

आई आयसीयूत असतानाच तिने पेटी काढून टाकली. सिद्धेशने उलटसुलट करून तपासली. पेटीत काही बिघाड नव्हता. पेडलमध्येही नव्हता.

डिस्चार्जच्या दिवशी गाडी तिच्या पायाने आली. थोडा विचार करत, पण तिच्याच पायाने. आई सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. बिल्डिंगच्या गेटपाशी तिने एकच विचारलं.

"ते कुठे उतरले?"

संघमित्राने गाडी आत घेतली.

तेव्हापासून आई त्या गाडीत बसत नाही. टॅक्सीत नाही, सम्यकच्या गाडीतही नाही. "दुखलं तर मी खाली जाऊन थांबेन," म्हणते. "ते येतील न्यायला." नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं भूतखेत थोतांड म्हणणारी बाई. भाजी निवडावी तितक्या सहज बोलते.

संघमित्राने ऑफिसातून लांबलचक रजा घेतली. गाडीची किल्ली गळ्यात अडकवूनच ती झोपते.

काल दुपारी तिला डुलकी लागली. जाग आली तेव्हा घरात आई नव्हती.

ती जिना उतरून धावली.

आई खालच्या बाकावर बसली होती. अंगावर ठेवणीतली साडी. मांडीवर पर्स. गेटबाहेरचा रस्ता मोकळा होता. गाडी नाही, माणूस नाही.

आई त्या मोकळ्या रस्त्याकडे बघून हळूच हसली. मान हलवली.

"आज नको," ती कोणाला तरी म्हणाली. "पोरगी घरी आहे."

संघमित्राची रजा सोमवारी संपतेय.