उजव्यावरून डावा

पंचवीस वर्षं मी संग्रहालयात भुंगेऱ्यांची वर्णनं लिहितोय. शेणात राहणाऱ्या एका जातीच्या माद्या आमच्याकडे होत्या. नर मात्र कुणीच पाहिलेला नव्हता. तो यंदा सापडला, एकुलता एक. काळा, चौदा मिलिमीटर, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. मागचा डावा पाय तेवढा तुटलेला.

चित्रं माझी धाकटी बहीण काढते. तिची पद्धत ठरलेली: उजवी बाजू काढायची, कागद मधोमध दुमडायचा आणि त्यावरून डावी गिरवायची. त्यामुळे सोमवारी तिने दिलेल्या चित्रात सहाही पाय होते.

"बाई गं, हा पाय कुठून आणलास?" मी वैतागलो. "जे नाही ते दाखवायचं नाही, किती वेळा सांगू?"

"दादा, एवढ्या वर्षांनी नवरा मिळाला आणि तो लंगडा? राहू दे की!"

मंगळवारी सकाळी मी पेटी उघडली. भुंगेऱ्याला सहा पाय होते.

मी भिंग पुसलं, मग चष्मा पुसला. आधी काढलेले फोटो ताडून पाहिले. आमच्याकडे टाचणी नेहमी पाठीवरच्या उजव्या झाकणातून टोचतात. आता डाव्या झाकणालाही नेमकं तसंच भोक होतं, रिकामं. ते भोकही बहिणीने इमानाने गिरवलं होतं.

मी पेटी बहिणीपुढे सरकवली. ती घाबरली नाही, आणि तेच मला आवडलं नाही. तिने एवढंच विचारलं, "पाय खरा आहे ना रे?"

"खरा आहे."

घरी आई आठ महिने अंथरुणावर होती. अर्धांगवायूने तिची डावी बाजू पार गेली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

बुधवारी दुपारी घरी आलो, तर बहीण आईच्या पायाशी बसलेली. मांडीवर फळी, फळीवर कागद. उजव्या गालावरचा तीळ, उजव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग, सगळं हुबेहूब. ती कागद दुमडत होती.

मी "थांब" म्हणायला तोंड उघडलं. आईच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. मी ती पुसली आणि बाजूला सरकलो.

गुरुवारी सकाळी आई आरशासमोर उभी राहून दोन्ही हातांनी अंबाडा घालत होती. दोन्ही गालांवर तीळ होते.

"अरे, रडताय काय वेड्यासारखे? भूक लागलीय मला!"

आम्ही रडलो, हसलो. बहिणीने तिला कडकडून मिठी मारली. इतका आनंद आमच्या घराने कधी पाहिला नव्हता.

मग रक्तदाब मोजायला नेहमीची नर्स आली. तिने डाव्या दंडाला पट्टा बांधला, सोडला, उजव्याला बांधला. नळी छातीला लावली. तिचं हसू मावळलं.

"मशीन बिघडलंय वाटतं, आजी. दुसरं घेऊन येते."

ती घाईने गेली. चपलासुद्धा दारातच राहिल्या.

मी आईच्या छातीवर कान ठेवला. डावीकडे. मग उजवीकडे.

पुन्हा डावीकडे.

हृदय डावीकडे असतं, आणि बहिणीने आईची डावी बाजू उजवीवरून गिरवली होती.

"दादा?" ती म्हणाली. "काय झालं?"

मला मान वर करवेना. आई दोन्ही हातांनी माझ्या केसांतून बोटं फिरवत होती.

"काय रे बाळा," ती म्हणाली, "एवढं काय ऐकतोयस?"