सात तासांचं हसू

झलकीत आई हसली होती. खेळात तिला तोंडच नव्हतं.

केतकीनं पडदा आधी फडक्यानं पुसला, मग फ्रॉकच्या टोकानं पुसला. डबा (घरोघरी पडद्यावरचा खेळ चालवायला कंपनीनं दिलेलं छोटं यंत्र) बंद करून पुन्हा चालू केला. त्याला दोन चापट्याही देऊन पाहिल्या. आई तशीच. होडीच्या टोकाला उभी, हातात लांब बांबू, आणि चेहऱ्याच्या जागी कणकेचा गुळगुळीत गोळा. त्यावर दोन डोळे, जणू कुणी घाईघाईनं टिकल्या चिकटवाव्यात तसे. खाडीचं पाणी म्हणजे तर निळा रंग फासलेला पत्राच.

"आबा, आपला डबा बिघडलाय," ती म्हणाली.

"बघू," म्हणून आबा उठले, पण पडद्याजवळ काही आले नाहीत. दारातच उभे राहिले.

खाजणवाडी समुद्रानं गिळली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पाणी दरसाल थोडं थोडं वर येत गेलं, आणि एका वर्षी ते आलं ते परत गेलंच नाही. गावानं बोचकी उचलली आणि वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, नवी खाजणवाडी वसवली. सड्यावरचा वारा असा, की तिथं कोंबडीनं अंडं घातलं तर ते शेजारच्या तालुक्यात जाऊन उचलावं लागे. निदान आबा तरी तसं सांगत. केतकीची आई प्राजक्ता वाडी बुडायच्या आधीच तापानं गेली. ती खाडीवर होडी चालवायची. केतकी तेव्हा रांगत होती. बाबा दूरच्या जहाजावर नोकरीला, म्हणून केतकी आणि तिचे आजोबा, म्हणजे आबा, अशी दोघंच घरात. आईचा एकच फोटो होता, आणि केतकीला आईची आठवण एकही नव्हती.

मग एका खेळ बनवणाऱ्या कंपनीची माणसं आली. म्हणाली, तुमची बुडालेली वाडी आम्ही खेळात पुन्हा उभी करतो. तुम्ही फक्त फोटो द्या. आता वाडीच्या लोकांची एक खोड होती. उभा जन्म आंब्याच्या पेट्या भरण्यात गेलेला. पेटीच्या वरच्या थराला नेहमी देखणं, डागविरहित फळ लावायचं, हे त्यांच्या बोटांत मुरलेलं. त्यांनी फोटोही तसेच दिले. लग्नातले, सत्कारातले, इस्त्रीच्या कपड्यांतले. चिखलात पाय रोवलेला, उघडाबंब, विडी ओढणारा असा एकही नाही.

सहा महिन्यांनी शाळेच्या सभागृहात झलक दाखवली. (झलक म्हणजे खेळ तयार होण्याआधी, तो कसा असेल हे सांगणारी छोटी चित्रफीत.) माडांच्या झावळ्यांतून ऊन गळत होतं. पाण्यात आभाळ हलत होतं. आणि होडीवरून प्राजक्तानं मान वळवली, थेट केतकीकडे पाहिलं आणि खळखळून हसली. सगळं सभागृह रडलं. आबा तेवढे मान खाली घालून आपल्या चपलांकडे बघत बसले होते. केतकीला वाटलं, तेही रडतायत.

त्या दिवसापासून तिनं वर्गातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, "माझी आई येणाराय."

आणि आता आली होती ती ही.

तक्रार केल्यावर तिसऱ्या दिवशी कंपनीचा यंत्रमानव सडा चढून आला. उंचीला पाण्याच्या हंड्याखालच्या घडवंचीएवढा, तीन चाकं, त्यातलं एक कुरकुरणारं. घरोघरी जाऊन माफी मागणं हेच त्याचं काम, म्हणून गावानं त्याचं नाव समजूतराव ठेवलं होतं.

"आपल्या निराशेबद्दल आम्हांला मनापासून खेद आहे," तो दारातूनच म्हणाला. "आपला अनुभव आमच्यासाठी—"

"पुरे रे बाबा!" आबा म्हणाले. "पाणी घेणार?"

"गंजेन."

"मग बस नुसता."

केतकीनं त्याला पडद्यासमोर ओढलं. "हे बघ. डबा दुरुस्त करून दे."

समजूतरावांनी डब्याला आपली तार जोडली. थोडा वेळ गुणगुणले. मग चाकावर जरा मागे सरकले. "डबा ठणठणीत आहे, ताई. खेळ असाच आहे."

"खोटं! झलकीत आई हसते. पाणी चमकतं. मी स्वतः पाहिलंय!"

"मीही पाहिलंय," समजूतराव म्हणाले. आवाज अचानक हळू झाला होता. "तुमच्या आईंचं ते हसू मीच काढलं."

समजूतराव सांगू लागले. माफी मागायच्या नोकरीआधी ते कंपनीच्या चित्रकोठारात होते. चारशे यंत्रं रांगेनं बसून झलकीची चित्रं काढत. खेळ बाजारात आला, कोठार रिकामं झालं, आणि त्यांना चाकं लावून रस्त्यावर सोडण्यात आलं.

"मग तेच चित्र इथं का नाही काढत?" केतकीनं विचारलं.

"कागद-पेन्सिल आहे?" समजूतराव म्हणाले. "आबांचं चित्र काढा. हवा तेवढा वेळ घ्या. आबा, हलायचं नाही."

केतकी बसली. आबाही बसले, पुतळ्यासारखे. तिनं मिशा काढल्या, कपाळावरच्या आठ्या काढल्या, कानातले केससुद्धा काढले. चहाचं आधण दोनदा आटलं तेव्हा कुठं चित्र पुरं झालं.

"झकास! आता मी टाळ्या वाजवीन. दर टाळीला एक नवं चित्र. आणि आबा, तुम्ही मनाला येईल तसं हला."

टाळी. टाळी. टाळी. आबांना ऊत आला. ते वळले, वाकले, कोंबड्यासारखी मान काढून नाचले. केतकीची पेन्सिल कागदावर नुसती धावली. गोल, दोन ठिपके, मिशीची एक रेघ. पुढचा गोल, दोन ठिपके. मिशीही गेली.

"माझं नाक कुठाय गो?" आबा कागद बघून म्हणाले.

"वेळच नव्हता नाकाला!" केतकी ओरडली, आणि ओरडता ओरडताच थांबली. तिनं हळूच पडद्याकडे पाहिलं. कणकेचा गोळा. दोन डोळे.

"बरोबर," समजूतराव म्हणाले. "पडद्यावर हलताना दिसतं ते खरं तर हलत नसतं. एकामागून एक स्थिर चित्रं इतक्या भरभर येतात, की डोळ्यांना ती हलल्यासारखी वाटतात. खेळात सेकंदाला साठ चित्रं लागतात. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत बारा-पंधरा. आणि तुम्ही पुढच्या क्षणी डावीकडे बघाल की उजवीकडे, हे या गरीब डब्याला आधी कळत नाही. तो तुमच्या वळण्याची वाट बघतो, आणि वळलात की धावत सुटतो."

"आणि झलक?"

"झलकीत कोण कुठं बघणार हे आधीच ठरलेलं असतं. घाई नाही. तिथं आम्ही किरणमागोवा घ्यायचो. (किरणमागोवा म्हणजे डोळ्यांत शिरणारा प्रकाशाचा किरण कुठून कुठून आला, ते उलट दिशेनं शोधत जाणं.) तुमच्या आईंच्या हनुवटीवर एक उजेडाचा ठिपका होता, आठवतो? तो किरण सूर्यापासून निघाला, झावळीतून गाळला गेला, पाण्यावर आपटला, होडीच्या फळीवर उडाला आणि मग हनुवटीवर गेला. असे कोट्यवधी किरण. त्या एका चित्राला मला सात तास लागले."

"एका चित्राला?"

"एका. मग पुढच्याला आणखी सात."

केतकी म्हणाली, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? झलकीच्या खाली लिहायचं ना, हे सात तासांचं आहे, तुमच्या घरी असं दिसणार नाही म्हणून."

"कोठारात मी तसं सुचवलं होतं. ते म्हणाले, अशानं कोण विकत घेईल?"

आबांनी एक सुस्कारा टाकला. "वरचा थर! पेट्या भरून भरून बोटं वाकडी झाली आमची, आणि दुसऱ्याची पेटी खालपर्यंत उपसून बघायचं एकालाही सुचलं नाही."

पण केतकीच्या मनात दुसरंच काही फिरत होतं. "समजूतराव, आईच्या फोटोत तर तिचं तोंड मिटलेलं आहे. मग ती हसते कशी, ते तुम्हांला कसं कळलं?"

समजूतरावांचं कुरकुरणारं चाक जागच्या जागी जरासं फिरलं.

"सांगा ना."

"माझ्याकडे हजारो बायकांच्या हसण्याचे नमुने होते," ते म्हणाले. "त्यातलं थोडं थोडं घेतलं. ते हसू कुणाचंच नव्हतं, ताई. मला ते झालं तेव्हा फार सुंदर वाटलं होतं."

बाहेर वारा पत्र्यावर धडका देत होता. केतकी आबांकडे वळली. "तुम्हांला माहीत होतं."

आबांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "होय गो. प्राजू अशी हसत नसे. तिचा पुढचा दात पडलेला होता. हसू आलं की आधी हात तोंडावर जायचा. म्हणून तर फोटोत तोंड मिटलेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू किती खूश होतीस! मला वाटलं, राहू दे."

केतकी रडली. मोठ्यानं नाही. गुडघ्यांत डोकं घालून, खूप वेळ. आई तिला दोनदा मिळाली होती आणि दोन्ही वेळा गेली होती. आबा तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. समजूतरावांच्या पोटात माफीची एकवीस वाक्यं भरलेली होती. त्यांनी त्यातलं एकही बाहेर काढलं नाही.

शेवटी तिनं नाक पुसलं. "या खेळात मग खरं काहीच नाही?"

"एक आहे," समजूतराव म्हणाले. "गावातल्या कुणीतरी फोनवर काढलेली एक छोटी चित्रफीत चुकून फोटोंबरोबर आली होती. होडीतून, तुमच्या आईंची पाठमोरी काढलेली. चेहरा दिसत नव्हता म्हणून झलकीत ती कुणी वापरली नाही. पण खेळातली त्यांची चाल, म्हणजे बांबू मारताना अंग हलायची तऱ्हा, त्या फितीवरूनच घेतलीय. चालीला डब्याला फारसा वेळ लागत नाही. ती जशीच्या तशी आहे."

केतकीनं खेळ सुरू केला. खेळात ती होडीत चढली आणि आईच्या मागे जाऊन बसली. निळ्या पत्र्यावरून होडी निघाली. पुढे उभी असलेली ती साधीभोळी आकृती बांबू उचलत होती, रोवत होती, ढकलत होती. दर वेळी तिचा डावा खांदा आधी वर यायचा, क्षणभर थांबायचा, मग सगळं अंग त्याच्यामागून जायचं.

आबा पडद्याजवळ आले. अगदी जवळ.

"खांदा बघ," ते पुटपुटले. "अगो, खांदा बघ तिचा! ही प्राजू आहे."

केतकी बघत राहिली. झावळ्या कागदी होत्या, उजेड कुठूनच येत नव्हता, आणि आई तिला खाडीपार नेत होती.

मधल्या धारेपलीकडे होडी आपोआप वळली. पुढे नुसतं पांढरं धुकं होतं. कंपनीनं तिथपर्यंतच बनवलं होतं.

"आबा, पलीकडे काय होतं?"

"पलीकडे?" आबा खाली बसले. त्यांचे डोळे ओले होते, तरी त्यांत जुनी लबाडी लुकलुकली. "पलीकडे बाजार. तिथं एकदा तुझ्या आईनं एवढा मासा नेला, की त्याचं डोकं बाजारात पोचलं तरी शेपूट अजून होडीतच होतं!"

"मी हे टिपून घेऊ का?" समजूतरावांनी विचारलं. "खेळात पलीकडचा काठ जोडायचं काम निघालंय. मी पाठवीन. पुढं यंत्रं वेगवान होतील. ज्याला मला सात तास लागले, ते एखाद्या दिवशी असा डबासुद्धा पापणी लवता लवता करील."

केतकीनं विचार केला.

"पाठवा. पण खाली लिहा. हे आबांनी सांगितलंय. चाल खरी आहे, बाजार आठवणीतला आहे, आणि मासा वाढवलेला आहे."

"मासा खरा होता गो!" आबा म्हणाले.

"लिहा," केतकी म्हणाली, आणि समजूतरावांनी ते सगळं तसंच लिहून घेतलं.