जीपचा टप आणि नारूचा दोर

ज्याला ही गोष्ट खोटी वाटेल, त्याने डहाणूजवळ चिखल्याला यावं आणि भर दुपारी माझ्या गराजचं दार एकट्याने उघडून दाखवावं. मी बाहेर उभा राहीन. आत येणार नाही.

हो, भर दुपारी. रात्रीबित्री काही नाही. १९६२ सालचा आश्विन, टळटळीत ऊन, वाडीत चिटपाखरू नाही.

माझी चिकूची वाडी आहे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली एक जीप. पावसाळ्यात जीपवर पत्र्याचा टप, म्हणजे छप्पर, चढवायचा, पाऊस सरला की उतरवायचा. मग मागे चिकूच्या करंड्या रचून घोलवड स्टेशनला नेता येतात. टप भलताच वजनदार. उतरवायला चार माणसं लागायची. त्या वर्षी सगळी माणसं भातकापणीला गेलेली आणि बायको, बकुळा, गंजाडला माहेरी. मी ठरवलं, गराजच्या तुळईला कप्पी बांधायची, दोर ओढून टप वर टांगायचा आणि जीप खालून काढून घ्यायची. एकट्याने.

कप्पी आणि दोर होता नारूकडे.

नारू माझा शाळेपासूनचा दोस्त. किनाऱ्यावर घर, स्वतःची होडी. त्याचं लग्न मी जमवलं, माझ्या वडिलांना खांदा त्याने दिला. सख्खा भाऊ असता तर आणखी काय केलं असतं? त्याच्या ओटीवर शिडाचा दोर कप्पीसकट पडलेला दिसला.

"नारू, हा दे रे जरा."

"असा नाही. नीट माग," तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. मी हात जोडले. "नारूशेठ, कृपा करून आपला दोर मला द्यावा."

तो हसला नाही. दोर माझ्या हातात ठेवला आणि आत निघून गेला. चहासुद्धा विचारला नाही.

तेव्हाच कळायला हवं होतं. पण दोस्तावर कोण संशय घेतो?

दुसऱ्या दिवशी जेवून मी कामाला लागलो. नट-बोल्ट काढले. टपाचे चारी कोपरे बांधून घेतले, कप्पीत दोर ओवला, पाय रोवले आणि ओढलं.

टप हलला नाही.

पुन्हा ओढलं. एक कोपरा जरासा उचलला गेला आणि परत बसला. तळहाताची सालं निघाली.

आणखी एकदा ओढलं आणि...

टप वर गेला. सहज. रिकामी टोपली उचलावी तसा.

मी खूश. ओढतच राहिलो. मग लक्षात आलं... दोर ओला लागतोय. बांधताना तर तो वाळून कडक झालेला होता.

मागे कोणीतरी धापा टाकत होतं.

"आलास होय रे, नारू?"



मी मान वळवली. मागे कोणीच नव्हतं. पण दोर... माझ्या हातातून मागे गेलेला दोर जमिनीवर पडलेला नव्हता. कमरेएवढ्या उंचीवर, सरळ, ताठ ताणलेला होता. त्याचं टोक हवेत होतं.

माझे हात सुटले.

टप खाली आला नाही. तसाच टांगलेला राहिला...

मग अगदी कानाशी आवाज आला. दमलेला, ओला.

"नारू... तू परत सोडलास?"

आणि टप जीपवर आदळला. काचा उडाल्या. मी अनवाणीच पळत सुटलो, तो थेट नारूच्या दारात.

दार आतून बंद. अंगणात त्याची आई, सोनूमावशी, मासे वाळत घालत होती.

"मावशी, तो दोर कुणाचा?"

तिच्या हातातली टोपली खाली आली.

"झिपरूचा," ती म्हणाली.

झिपरू म्हणजे नारूच्या होडीवरचा खलाशी. पावसाच्या तोंडावर वादळात गेला. लाटेने नेला, असं नारूने अख्ख्या गावाला सांगितलं होतं.

"लाटेने नाही रे नेला. दोराला धरून होता तो. हा ओढत होता. मग होडी कलंडायला लागली... आणि ह्याने सोडला."

"आणि दोर?"

"दोनदा दर्यात टाकला. दोनदा दारात आला. भगत म्हणाला, कोणी आपणहून मागितला तरच घरातून जाईल. म्हणून ओटीवर ठेवला होता."

"येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा?"

मावशीने पदर तोंडाला लावला.

"तुला दिसेल असा. तुझे टप उतरवायचे दिवस आले होते ना..."

मी दारावर थापा मारल्या. आतून नारू एवढंच म्हणाला, "धोंड्या, पावसाळाभर मला झोप नव्हती रे."

बस. दार काही उघडलं नाही.

झिपरूचा मला राग नाही. तो बिचारा तर मदतीला आला होता. राग आहे तो नारूचा. माझ्या घरात बायको आहे हे त्याला ठाऊक होतं. तिच्या हातचं तो कितीदा जेवला होता. अख्ख्या गावात त्याला मीच सापडलो, कारण मीच त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचो. आता मी समोर दिसलो की तो रस्ता बदलतो. झोप मात्र छान लागते म्हणे त्याला.

याला दोन वर्षं झाली. जीप आत गंजतेय. दुपार झाली की बंद गराजमध्ये कप्पी करकरते... मग थांबते... मग कोणीतरी नारूला हाक मारतं. बकुळा दुपारची घरात थांबत नाही. यंदा दिवाळीनंतर कायमची माहेरी जाईन म्हणते.

परवा तिचा धाकटा भाऊ चंद्रा आला होता. माझ्यावर फार जीव त्याचा. गंजाडला विहीर खणतोय. बकुळाने माहेरी यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. गराजच्या फटीतून आत बघून तो म्हणाला, "भावोजी, दोर चांगला दणकट दिसतोय. नुसता पडून आहे, तर मला द्या ना."

मी अजून त्याला नाही म्हटलेलं नाही.