कमी पडलेलं बोट

हात असा पुढे करा. मूठ आवळा. नाही हो, मी डावखुरा नाही, शीर मात्र डाव्या हाताच्या बोटाने शोधतो. सगळेच विचारतात. झालं, दुखलं का? आता हे ग्लुकोजचं पाणी एका दमात प्या. दुसरं रक्त द्यायला दोन तास इथेच बसायचंय तुम्हाला, तेव्हा ऐकाच.

२००६ सालचा ऑक्टोबर होता. मी तेव्हाही याच लॅबमध्ये होतो. सकाळी स्कूटरवरून घरोघरी जाऊन रक्त आणायचं काम माझ्याकडे होतं, कारण ज्यांच्या शिरा कुणालाच सापडत नाहीत, त्यांच्या मला सापडायच्या. बढाई नाही मारत. उजव्या हाताची ही तर्जनी कोपराच्या खोबणीत टेकवली की शीर कुठे पळतेय ते मला कळायचं. ममता मॅडम, आमच्या डॉक्टरीणबाई, म्हणायच्या, "यतीन, मी पगार तुला देत नाही, तुझ्या बोटाला देते."

त्या सकाळी उत्तनच्या पुढे पालीला एका म्हातारीचं रक्त घ्यायचं होतं. कातरीनबाय. अंगणात बोंबील वाळत होते आणि आत टेपरेकॉर्डर चालू होता. गिटार वाजत होती. कॉलेजात मीही गिटार बडवली होती, म्हणून सुई हातात धरून ऐकतच राहिलो. जाड तारांवर होडीच्या इंजिनाचा ठेका चालला होता आणि बारीक तारांवर त्याच वेळी कुणीतरी निवांत गाणं वाजवत होतं.

"कोण दोघं आहेत हो हे?" मी विचारलं.

"दोघं कुठले? एकलाच हाय. माझा इनास."

तिचा नवरा. तरुणपणी जहाजावर होता, तिथे एका अमेरिकन खलाशाने त्याला हे कंट्री, म्हणजे त्यांच्याकडचं गावरान संगीत, वाजवायला शिकवलं. मग गावी येऊन मासेमारी. वारून सात वर्षं झाली होती. त्याने घरीच भरलेली ती एक कॅसेट उरली होती. मी इतक्यांदा 'वा' म्हटलं की तिने ती काढून माझ्या हातात दिली.

"ने. पण आणून दे. आन वाजवता आलं तर मला येऊन ऐकव."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तेव्हा रोज दुपारी तीन तास वीज जायची, आठवत असेल तुम्हाला. जेवायला घरी गेलो की मी टेप सेलवर लावायचो, तेही मुद्दाम मरत आलेल्या सेलवर. सेल उतरले की टेप हळू चालतो, सूर खाली येतो. मग गिटारच्या तारा तेवढ्याच सैल करायच्या आणि एकेक सूर वेचून घ्यायचा. दुकानदार नवे सेल विकतो, मी शेजाऱ्यांकडे जुने मागत फिरायचो. माझी बायको सुरुची म्हणायची, "लोक साखर मागतात, आमच्याकडे मेलेले सेल!"

महिनाभर घासलं. सूर तेच, तारा त्याच, पण माझं वाजवणं गुळगुळीत यायचं. इनासच्या सुरांमध्ये एक बारीकशी फट होती, श्वास घेतल्यासारखी. ती काही केल्या येईना. आणि शेवटच्या गाण्यात तो स्वतः एका जागी थांबायचा. 'च्' असा आवाज यायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा. तिथेच कॅसेट संपायची.

पुढच्या महिन्यात रक्ताला गेलो तेव्हा कातरीनबायला विचारलं. तिने माझी उजवी तर्जनी चिमटीत धरली.

"त्याला हे बोट न्हवतं. जाळं ओढायच्या यंत्रात गेलं. अंगठा आन बाकीच्या बोटांवर वाजवायचा." मग बोट न सोडताच म्हणाली, "शेवटी शेवटी नसलेलं बोट खाजवत बसायचा. बोलायचा, कातरीन, एक बोट कमी पडतं, गानं पुरं होत न्हाय."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला आनंद झाला. गुपित सापडलं होतं! घरी आलो, लॅबची चिकटपट्टी घेतली आणि तर्जनी तळव्याशी घट्ट बांधून टाकली. टेप लावला आणि सोबत वाजवायला घेतलं.

आणि ते आलं. ती फट, तो श्वास, अगदी तसाच. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्यानंतर रोज दुपारी मी बोट बांधायचो.

आठव्या दिवशी पट्टी सोडली तर बोट थंड होतं. चोळलं, गरम पाण्यात धरलं. हलायचं, वाकायचं, पण त्याला काही लागायचंच नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका आजोबांच्या हातावर बोट टेकवलं आणि... काहीच नाही. लाकडावर टेकवल्यासारखं. तीनदा सुई टोचली, तीनदा कोरडी. आजोबा कळवळले. त्याच आठवड्यात आणखी दोघांचे हात काळेनिळे झाले. ममता मॅडमनी आत बोलावलं.

"नसांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"नस ठणठणीत आहे म्हणतात."

"मग महिनाअखेरपर्यंत बघू, यतीन. त्यानंतर मलाही पेशंटना तोंड द्यायचंय."

नव्या फ्लॅटचे हप्ते, सुरुचीला सहावा महिना आणि दुसरं कुठलंही काम न येणारा मी. त्या दिवशी ठरवलं, गिटार बंद. कॅसेट फक्त एकदा शेवटची ऐकायची आणि परत करायची.

दुपारचे अडीच. वीज गेलेली. पंखा थांबला की इमारतीतले सगळे आवाज ऐकू येतात, पण तेव्हा कुठलाच येत नव्हता. सुरुची स्वयंपाकघरात होती. गिटार पलंगावर आडवी. मी मात्र लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो. सेल अगदी मरायला टेकले होते. शेवटचं गाणं सावकाश, खर्जात चाललं होतं. खोलीत वाळत्या बोंबलाचा वास यायला लागला... आमच्याकडे त्या दिवशी वरण-भात होता.

गाणं त्या जागेशी आलं. मी 'च्' ऐकायला कान टवकारले.

'च्' आलं नाही.

गाणं पुढे गेलं. अंगठ्याचा ठेका होता, वर त्याची नेहमीची बोटं होती... आणि त्या फटीत, जिथे श्वास होता तिथे, आणखी एक सूर पडत होता. एकेका बोटाचा आवाज महिनाभर वेचला होता मी. हे नवं बोट होतं. आधी चाचपडत, मग सराईत. गाणं शेवटापर्यंत गेलं, नीट टेकलं, आणि टेपचं बटण खट्‌कन वर आलं.

"यतीन, आज जमलं की रे शेवटी!" आतून सुरुचीचा आवाज आला.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. उजव्या तर्जनीच्या टोकाला दोन आडवे वळ उमटले होते. तारेचे.

कपडेही न बदलता मी पालीला गेलो. वाटेत खाडीत फेकायचंही मनात आलं, पण कॅसेट तिची होती. काही न सांगता तिच्या टेपमध्ये लावली. शेवट आला तेव्हा म्हातारीने पदर तोंडावर धरला.

"मिललं त्याला..." ती पुटपुटली.

मग तिने माझा हात ओढला, बोट चाचपलं आणि चेहराच उतरला तिचा.  नंतर तिनेच कॅसेट त्या जागेपर्यंत मागे नेली आणि माझं थंड बोट रेकॉर्डिंगच्या लाल बटणावर ठेवलं.

"पूस. तुझा हात हाय, पोरा. त्याने इचारायला पायजे होतं."

नुसतं दाबायचं होतं. दीड मिनिट शांतता भरली असती त्यावर, आणि कदाचित बोट परत...

मी दाबलं नाही.

लोकांना वाटतं म्हातारीची दया आली. दया कसली! तो शेवट मी ऐकला होता. तितकं सुंदर मी आयुष्यात कधी वाजवू शकलो नसतो, आणि त्यात माझं बोट होतं. ते पुसायचा धीर मला झाला नाही, एवढंच. घरी येऊन मी गिटार विकून टाकली. डाव्या हाताला शिकवलं, रात्रंदिवस, सुरुचीच्या हातावर. महिनाअखेर निभावली.

चला, झाले दोन तास. हात द्या. तीन वर्षं झाली, गिटारला शिवलो नाही मी. कातरीनबायही गेल्या वर्षी गेली, कॅसेट तिच्यासोबत शवपेटीत ठेवली म्हणे. संपलं सगळं.

फक्त हे बघा. लॅबच्या कामात नखं वाढवून चालत नाही, दर रविवारी कापतो मी. नऊच कापतो. हे तर्जनीचं कापावंच लागत नाही. अंगठ्याकडच्या बाजूने तिरकं झिजलेलं दिसतंय ना? पोलादी तारेवर रोज वाजवणाऱ्यांचं झिजतं तसं. कालपर्यंत इतकं नव्हतं.