उतारावरचा ट्रॅक्टर

"चला रे, ढकला!" भंगारवाला ओरडला आणि राजेश्वरी धावतच बाहेर आली. वस्तीवरच्या उतारावरून आजोबांचा ट्रॅक्टर खाली न्यायचा, टेम्पोला बांधायचा आणि थेट नगरला भंगारात!

याच ट्रॅक्टरनं सहादेव आजोबांनी अख्खा माळ नांगरून काढला होता. दसऱ्याआधी त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून यंदा ट्रॅक्टरची पूजा काकासाहेबकाकांनी केली आणि तेव्हापासून तो सुरूच होईना! काकांनी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवली. मिस्त्री ऊसतोडीच्या गाड्यांच्या दुरुस्तीत अडकलेला. शेवटी वैतागून काकांनी भंगारवाल्याला बोलावलं. आजोबा तर सकाळपासून खोलीबाहेर आले नव्हते.

"काका, दोनच मिनिटं!" म्हणत राजेश्वरी ट्रॅक्टरवर चढली. मागोमाग चुलतभाऊ ओंकार आणि शेजारचा जस्टिन.

इंजिनांचं भारी वेड असलेला जस्टिन म्हणाला, "काका स्टार्टर मारायचे तेव्हा धूर निघायचा का?"

"थेंबभर पण न्हाई," ओंकार म्हणाला.

"मग डिझेल इंजिनात जातच नाही! टाकी तर भरलीये."

स्टिअरिंगपासून खालपर्यंत दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून ताठ झाला होता. राजेश्वरीनं तो हळूच बाजूला सारला.

"ए, पूजेचा हार हाय! हात लावू नको!" काका गरजले.

"पण काका, हा कुठं बांधलाय ते बघा!"

ओंकार वाकला. "आयला! ही तर इंजिन बंद करायची दांडी! आजोबा हीच ओढून ट्रॅक्टर थांबवतात!"

हाराच्या सुतळीनं दांडी ओढून धरली होती. म्हणजे वीस दिवस डिझेल बंद! राजेश्वरीनं हात जोडले, गाठ सोडली आणि दांडी आत ढकलली.

"काका, ही माणसं ढकलणारच आहेत. गिअर टाकून बघा ना!"

"बघू," काका ओशाळून सीटवर बसले. "पोरांनो, लांब व्हा!"

ट्रॅक्टर उताराला लागला. काकांनी क्लच सोडला. एक गचका, मग काळ्या धुराचा लोट आणि धडधड धडधड! राजेश्वरीच्या पायाखालची जमीन थरथरली. केवढं हे धूड, आणि एवढ्याशा सुतळीनं मुकं केलेलं! तिला टाळ्या वाजवायचंही सुचेना.

काळा चष्मा लावलेले आजोबा अनवाणीच धावत आले. त्यांनी बॉनेटवर तळहात टेकला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

"आबा, चूक माझीच हाय," काका म्हणाले.

"व्हय, तुझीच," आजोबा हसले. मग त्यांनी तिघांना जवळ ओढलं. "चाळीस वर्सं हाकला मी ह्याला. आज तुमी त्याला परत आनलं, पोरांनो!"

भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन निघाला. आजोबांनी मात्र अजून बॉनेटवरचा हात काढला नव्हता.